रोमाचा मिडफिल्डर टोरंटोला का गेला? मायकेल ब्रॅडली आणि अमेरिकी फुटबॉलचं उलटं गणित

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर येऊन गेला. सचिनने त्याला आपली दहा नंबरची जर्सी दिली, फोटो घरोघरी पोचले, आणि दोन दिवसांनी ऑफिसात एकाने विचारलं, "तो हल्ली खेळतो ती मायामीची टीम नक्की कुठल्या लीगमध्ये आहे? आणि ती लीग चांगली की वाईट?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यात २०२६ चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत आहे, ४८ संघांचा. म्हणजे यंदा अमेरिकी फुटबॉलबद्दल बरंच ऐकायला मिळणार.

ती लीग म्हणजे अमेरिकेची मेजर लीग सॉकर, थोडक्यात एमएलएस. पण मेस्सीकडे बघून ती समजत नाही. तो अपवाद आहे. त्याच्यासाठी कुठलीही लीग नियम वाकवेल. ही व्यवस्था समजून घ्यायची तर त्याच व्यवस्थेत वाढलेला, तिथून युरोपात जाऊन स्थिरावलेला आणि भर उमेदीत परत आलेला खेळाडू पाहावा लागतो. माझ्या मते त्यासाठी मायकेल ब्रॅडलीपेक्षा चांगलं उदाहरण नाही. २००६ ते २०१९ या काळात तो अमेरिकेकडून १५१ सामने खेळला. त्याच्यापेक्षा जास्त फक्त कोबी जोन्स आणि लँडन डोनोव्हन खेळले आहेत. तरीही अमेरिकेतच त्याची हुर्यो उडवली गेली. का, ते पुढे येईल.

आधी त्याचं काम काय, ते बघू

मिडफिल्डर म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. या फळीतही कामं वेगळी असतात. बचावफळीच्या अगदी पुढे उभा राहून प्रतिस्पर्ध्याचा हल्ला तोडणारा आणि चेंडू मिळाला की शांतपणे पुढे देणारा तो होल्डिंग मिडफिल्डर. दोन्ही गोलांपर्यंत ये-जा करणारा दुसरा. आणि फॉरवर्डच्या मागे राहून संधी तयार करणारा तिसरा, ज्याला लोक 'दहा नंबर' म्हणतात.

ब्रॅडलीने तिन्ही कामं केली. तरुणपणी तो पुढे धावून गोल करायचा. नेदरलँड्समध्ये हेरेनव्हेनकडून २००७-०८ च्या मोसमात त्याने लीगमध्ये १६ गोल केले, तेव्हा तो जेमतेम विशीत होता. पुढे वय वाढलं तसा तो मागे सरकत गेला आणि होल्डिंग मिडफिल्डर झाला. या जागेची अडचण अशी, की काम चांगलं झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. गोल होत नाही, कारण त्याने वीस मीटर अलीकडेच पास अडवलेला असतो. पण एक चूक झाली, तर ती मैदानाच्या बरोबर मध्यभागी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते.

२०१४ च्या विश्वचषकात मानाउसला पोर्तुगालविरुद्ध हेच घडलं. अमेरिका २-१ ने पुढे, भरपाई वेळेची शेवटची काही सेकंदं. ब्रॅडलीच्या पायातून चेंडू सुटला, तो रोनाल्डोकडे गेला, त्याने क्रॉस टाकला आणि व्हारेलाने हेडर मारून बरोबरी केली. पुढे बेल्जियमविरुद्धच्या बाद फेरीत अमेरिकेचा एकमेव गोल ज्युलियन ग्रीनने केला, तो ब्रॅडलीने बचावफळीच्या डोक्यावरून टाकलेल्या अप्रतिम पासवर. हा पास आज किती जणांना आठवतो? पोर्तुगालचा तो क्षण मात्र सगळ्यांना आठवतो.

अमेरिकेत फुटबॉलपटू घडतो कसा?

युरोपात क्लब लहान मुलांना आपल्या अकादमीत घेतो, वाढवतो, आणि मूल चांगलं निघालं तर खेळवतो किंवा विकतो. अमेरिकेत कितीतरी वर्षं असं नव्हतंच. मुलं पैसे भरून खाजगी क्लबात शिकायची, मग कॉलेजात जायची, जिथे फुटबॉलचा मोसम वर्षातले मोजकेच महिने चालतो. मग बावीसाव्या वर्षी ड्राफ्ट. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची वाटणी: आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाला आधी निवडायला मिळतं. खेळाडूला कुठे जायचंय, हे कुणी विचारत नाही. आयपीएलच्या लिलावात निदान बोली तरी लागते. इथे नुसती पाळी.

ब्रॅडली या वाटेने पूर्ण गेला नाही. १९८७ मध्ये प्रिन्स्टनला जन्मलेला हा मुलगा फ्लोरिडातल्या ब्रेडेंटन इथल्या राष्ट्रीय निवासी प्रशिक्षण केंद्रात शिकला आणि कॉलेज टाळून सोळाव्या वर्षीच २००४ च्या ड्राफ्टमध्ये उतरला. त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला चौदा वर्षांचा फ्रेडी आडू, ज्याला तेव्हा पुढचा पेले म्हणत होते. ब्रॅडलीचा नंबर ३६ वा. आडूची कारकीर्द पुढे क्लबामागून क्लब बदलण्यात विरून गेली, आणि छत्तिसावा मुलगा देशाचा कर्णधार झाला. ड्राफ्ट हा प्रतिभा ओळखण्याचा किती बेभरवशाचा मार्ग आहे, ते यावरून कळावं.

ज्या संघाने ब्रॅडलीला निवडलं तो न्यूयॉर्क-न्यू जर्सीचा मेट्रोस्टार्स. प्रशिक्षक होते बॉब ब्रॅडली. त्याचे वडील.

म्हणजे बापाच्या वशिल्याने आला?

हा आरोप त्याच्यावर कायम झाला, म्हणून तारखा नीट बघू. ड्राफ्टमध्ये वडिलांनी निवडलं, हे खरं. पण राष्ट्रीय संघातली पहिली संधी त्याला मे २००६ मध्ये ब्रूस अरीनाने दिली. बॉब ब्रॅडली राष्ट्रीय प्रशिक्षक झाले ते त्याच वर्षाच्या अखेरीस. २०११ मध्ये त्यांना काढलं, त्यानंतर युर्गन क्लिन्समन आले. जुन्या प्रशिक्षकाच्या मुलाला बाजूला करणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी त्याच्याभोवतीच संघ बांधला. नंतर पुन्हा अरीना आले, मग ग्रेग बर्हाल्टर. सगळ्यांनी त्याला खेळवलं.

वडिलांच्या काळातही त्याने जागा कमावून दाखवली. २०१० च्या विश्वचषकात स्लोव्हेनियाविरुद्ध अमेरिका मध्यंतराला ०-२ मागे होती. ८२ व्या मिनिटाला बरोबरीचा गोल ब्रॅडलीने केला, तेव्हा बाजूला उभे होते वडीलच. उलट, त्याआधीच्या वर्षी कॉन्फेडरेशन्स चषकात स्पेनला हरवलेल्या उपांत्य सामन्यात शेवटी शेवटी लाल कार्ड घेऊन ब्राझीलविरुद्धचा अंतिम सामना त्याने हुकवला होता. रागीट होता, यात वाद नाही.

युरोपातली आठ वर्षं

जानेवारी २००६ मध्ये तो हेरेनव्हेनला गेला, २००८ मध्ये जर्मनीत बोरुसिया मॉन्शनग्लाडबाखला. तिथे अडीच वर्षांनी प्रशिक्षकाशी बिनसलं, काही महिने इंग्लंडमध्ये ॲस्टन व्हिलाकडे लोनवर काढले. लोन म्हणजे करार मूळ क्लबाचाच, खेळायचं दुसरीकडे. ऑगस्ट २०११ मध्ये इटलीत किएव्हो. हा वेरोनाच्या एका उपनगराचा क्लब. इथे त्याने इटालियन भाषा आत्मसात केली, डोकं शांत ठेवून खेळायला शिकला, आणि वर्षभरात रोमाने त्याला उचललं.

२०१३-१४ मध्ये रोमाने मोसमाची सुरुवात सलग दहा विजयांनी केली. त्यातला उदिनेविरुद्धचा नववा विजय ब्रॅडलीच्या गोलवर मिळाला, तोही संघ दहा जणांवर आलेला असताना. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, जानेवारी २०१४ मध्ये, तो रोमा सोडून टोरंटो एफसीत दाखल झाला. वय २६. इटलीच्या पहिल्या तीन संघांतून थेट अशा संघात, ज्याने तोपर्यंत एकदाही बाद फेरी गाठली नव्हती.

(टोरंटो कॅनडात असून अमेरिकेच्या लीगमध्ये कसा? ही लीग दोन्ही देशांत चालते. टोरंटो हा तिच्यातला पहिला कॅनेडियन क्लब, २००७ पासूनचा.)

सगळ्यांचा पगार एकाच तिजोरीतून

आता मुख्य भाग, एमएलएसची रचना. १९९४ चा विश्वचषक अमेरिकेला मिळाला, तो व्यावसायिक लीग उभी करण्याचं आश्वासन देऊन. १९९६ मध्ये दहा संघांनिशी ती सुरू झाली. आधीची मोठी लीग पेले, बेकेनबाउअर यांना आणून, वारेमाप पैसे उधळून १९८४ नंतर बंद पडली होती. त्यामुळे नव्या लोकांनी ठरवलं की क्लबांना एकमेकांशी बोली लावूच द्यायची नाही.

त्यासाठी त्यांनी जी रचना केली ती आपल्या एसटीसारखी आहे. सातारा आगार वेगळं, सांगली आगार वेगळं, गाड्यांवर आगाराचं नाव वेगळं. पण चालक नोकरीला असतो तो महामंडळाच्या, आणि पगाराची स्लिपही महामंडळाचीच. एमएलएसमध्ये खेळाडूचा करार लीगशी होतो, क्लबाशी नव्हे. क्लबाचे मालक हे खरं तर लीगमधले भागीदार. याविरुद्ध खेळाडू १९९७ मध्ये कोर्टात गेले होते. मालक संगनमताने पगार दाबतात, असं त्यांचं म्हणणं होतं. २००२ मध्ये अपिलातही निकाल लीगच्या बाजूने लागला.

या रचनेतून तीन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे सॅलरी कॅप: संघाच्या एकूण पगारावर मर्यादा. २०१४ मध्ये ती साधारण ३१ लाख डॉलर होती, अख्ख्या संघासाठी. दुसरी, कुणी खालच्या लीगमध्ये घसरत नाही. युरोपात तळाला राहिलात की खालच्या श्रेणीत जाता आणि उत्पन्न कोसळतं. इथे तळाला राहिलात तर ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळते, म्हणजे जवळजवळ बक्षीसच. तिसरी गोष्ट, परदेशातून परतणारा राष्ट्रीय खेळाडू कुठल्या क्लबात जाणार, हे ठरवायचे लीगचे स्वतःचे नियम, आणि ते तोंडपाठ असलेला माणूस मला अजून भेटायचाय. ऑगस्ट २०१४ मध्ये जर्मेन जोन्स हा राष्ट्रीय संघातला ब्रॅडलीचा जोडीदार परतला, तेव्हा त्याला शिकागो आणि न्यू इंग्लंड दोन्ही संघ मागत होते. लीगने चिठ्ठी काढली. विश्वचषकात गोल केलेल्या खेळाडूची नेमणूक चिठ्ठी काढून!

मग ६५ लाखांचा पगार बसला कसा?

ब्रॅडलीचा टोरंटोतला वार्षिक पगार होता ६५ लाख डॉलर. संघाच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त, तोही एकट्याचा. शिवाय त्याला सोडवण्यासाठी रोमाला दिलेली ट्रान्सफर फी सुमारे एक कोटी डॉलर असल्याचं तेव्हा छापून आलं होतं.

याची वाट २००७ मध्ये तयार झाली, डेव्हिड बेकहॅमसाठी. लॉस एंजेलिसला तो हवा होता आणि मर्यादेत बसत नव्हता. म्हणून नियम केला की ठरावीक खेळाडूंचा पगार कितीही असला तरी मर्यादेत त्याचा एक छोटा भागच मोजायचा, उरलेला मालकाने आपल्या खिशातून द्यायचा. अशा खेळाडूला 'डेझिग्नेटेड प्लेअर' म्हणतात. २०१४ मध्ये प्रत्येक संघाला असे तीन घेता येत. आपल्याकडे २०१४ मध्येच सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगने जे 'मार्की' खेळाडू आणले, ती कल्पना याच घरातली. घसरण नसलेली फ्रँचायझी पद्धतही तशीच.

लीगने हा आटापिटा का केला? २०१४ हे विश्वचषकाचं वर्ष होतं. ज्या वर्षी अमेरिकेतला सामान्य माणूस फुटबॉल बघतो, त्या वर्षी त्याला दिसणारे चेहरे लीगचे असायला हवे होते. आदल्या वर्षीच क्लिंट डेम्प्सी टॉटनहॅमहून सिएटलला आला होता. त्या विश्वचषकातल्या अमेरिकेच्या २३ पैकी १० जण एमएलएसमध्ये खेळणारे होते. २०१४ च्या मे महिन्यातच लीगने टीव्ही कंपन्यांशी आठ वर्षांचा नवा करार जाहीर केला. टोरंटोने २००७ मध्ये लीगमध्ये येण्यासाठी एक कोटी डॉलर मोजले होते. सॅन डिएगोच्या नव्या क्लबाला २०२३ मध्ये ५० कोटी मोजावे लागल्याचं छापून आलं. ब्रॅडलीचा पगार या हिशेबात बसवून बघितला तर उधळपट्टी वाटत नाही.

आणि त्याची बाजू? रोमात डे रॉसी, प्यानिच, स्ट्रोटमन त्याच्या पुढे होते, आणि त्याच जानेवारीत नाइंगोलान आला. म्हणजे विश्वचषकाच्या तोंडावर बाकावर बसायचं, की कर्णधारासारखं खेळायचं आणि कित्येक पट कमवायचं? मी त्याच्या जागी असतो तर फार विचार केला नसता.

पण याने खेळ घसरला नाही का?

क्लिन्समन यांचं हेच म्हणणं होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांनी उघड सांगितलं की ब्रॅडली आणि डेम्प्सीला एमएलएसमध्ये आधीची पातळी टिकवणं फार कठीण जाईल. लीगचे आयुक्त डॉन गार्बर इतके चिडले की त्यांनी पत्रकार परिषद घेऊन जाहीर नापसंती व्यक्त केली. राष्ट्रीय प्रशिक्षक आणि देशातली लीग असे समोरासमोर भांडताना क्वचितच दिसतात.

तत्त्वतः क्लिन्समन बरोबर होते. दर आठवड्याला तगड्या प्रतिस्पर्ध्याशी गाठ पडली तरच खेळाडू धारदार राहतो. पण टोरंटोत ब्रॅडलीने वेळ वाया घालवला, हे मला पटत नाही. २०१५ मध्ये संघाने पहिल्यांदा बाद फेरी गाठली. २०१६ मध्ये घरच्या मैदानावर अंतिम सामना सिएटलविरुद्ध पेनल्टीवर हरला, ब्रॅडलीचीही पेनल्टी हुकली. २०१७ मध्ये साखळीत अव्वल स्थान, कॅनडाचं विजेतेपद आणि एमएलएस चषक, तिन्ही एकाच वर्षी, आणि अंतिम सामन्यात २-० ने हरवलं ते सिएटललाच. पुढच्या वर्षी खंडीय चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत ग्वादलाहाराविरुद्ध शेवटची पेनल्टी पुन्हा ब्रॅडलीचीच, आणि ती बारवरून गेली.

कूवा, १० ऑक्टोबर २०१७

त्या तिहेरी यशाच्या वर्षातच सगळ्यात वाईट रात्र आली. त्रिनिदादमधल्या कूवा इथे अमेरिकेला २०१८ च्या विश्वचषकात जायला फक्त बरोबरी हवी होती. त्रिनिदाद गटात तळाला. अमेरिका १-२ ने हरली, दुसरीकडे पनामा आणि होंडुरास जिंकले, आणि १९८६ नंतर प्रथमच अमेरिका विश्वचषकाबाहेर राहिली. कर्णधार ब्रॅडली. त्यानंतर एमएलएसमध्ये अमेरिकेतल्या मैदानांवर चेंडू त्याच्या पायात आला की प्रेक्षक ओरडायचे.

गंमत म्हणजे त्याच जूनमध्ये मेक्सिकोच्या अझ्टेका मैदानावर त्याने जवळपास चाळीस यार्डांवरून गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू टाकून गोल केला होता. अमेरिकी फुटबॉलमधल्या सर्वोत्तम गोलांपैकी तो एक असावा.

दोष त्याचा किती? अरीनाने पनामाला ४-० ने हरवणारा संघ चार दिवसांनी जसाच्या तसा उतरवला होता. त्या रचनेत होल्डिंग मिडफिल्डर एकटा ब्रॅडली. दोन्ही बाजूंना मोकळं रान, आणि तिशीतला एक माणूस ते सगळं झाकणार. मोठं कारण त्याहून जुनं होतं. अमेरिकेचा २३ वर्षांखालचा संघ २०१२ आणि २०१६, दोन्ही ऑलिंपिकना पात्र ठरला नव्हता. २०१७ मध्ये जे खेळाडू पंचविशीच्या आसपास, ऐन भरात असायला हवे होते, ती पिढीच कमी पडली होती. म्हणून तिशीतला ब्रॅडली आणि एकोणीस वर्षांचा पुलिसिच यांच्या मधली जागा ओस होती. एका खेळाडूने इटली सोडली म्हणून हे होत नाही. तिथे कॉलेज आणि ड्राफ्टचा सगळा इतिहास आडवा येतो.

आताचे खेळाडू तीच वाट धरतात का?

नाही. २००७ मध्ये अमेरिकी महासंघाने अकादमींची स्पर्धा सुरू केली आणि पुढच्या वर्षी एमएलएसने क्लबांना स्वतः घडवलेली मुलं ड्राफ्टशिवाय घेण्याची मुभा दिली. फळं दहा वर्षांनी आली. टायलर ॲडम्स न्यूयॉर्क रेड बुल्सच्या अकादमीतून पहिल्या संघात आणि २०१९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला गेला. वेस्टन मॅकेनी डॅलसच्या अकादमीतून २०१६ मध्ये शाल्केला गेला, तेही डॅलसच्या मुख्य संघाकडून न खेळता. अठरा वर्षांखालच्या मुलांना देशाबाहेरच्या क्लबात सहसा जाता येत नाही, असा फिफाचा नियम आहे. पुलिसिचला आजोबांमुळे युरोपीय संघातल्या क्रोएशियाचं नागरिकत्व होतं, म्हणून तो सोळाव्या वर्षीच डॉर्टमुंडला जाऊ शकला.

उलट दिशेने, म्हणजे बाहेरून एमएलएसमध्ये शिरणं किती अवघड, हे आपल्या सुनील छेत्रीला माहीत आहे. २०१० मध्ये तो कॅन्सस सिटीत होता; लीगचा एकही सामना खेळायला मिळाला नाही.

ब्रॅडली २०२३ मध्ये निवृत्त झाला. शेवटची काही वर्षं तो पूर्वीपेक्षा कमी पगारावर टोरंटोतच खेळला, आणि अखेरच्या टप्प्यात तिथेही प्रशिक्षक वडीलच होते. २०२४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेकमध्ये तो त्यांच्या हाताखाली काम करत होता, आणि २०२५ मध्ये न्यूयॉर्क रेड बुल्सच्या दुसऱ्या फळीच्या संघाचा प्रशिक्षक झाला.

लीगही बदलते आहे. एमएलएसचा मोसम आजवर फेब्रुवारी-मार्च ते डिसेंबर असा चालत आला. युरोपचा ऑगस्ट ते मे. म्हणूनच ब्रॅडली रोमाचा मोसम अर्ध्यावर टाकून आला, कारण टोरंटोचा तेव्हा सुरू व्हायचा होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये लीगने २०२७ पासून युरोपसारखं वेळापत्रक धरायचा निर्णय घेतला, म्हणजे खेळाडूंची खरेदी-विक्री दोन्हीकडे एकाच वेळी होईल. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सुट्टी राहील, कारण टोरंटो आणि मिनेसोटाला तेव्हा मैदानावर उभं राहणंही कठीण असतं.